उंच नवऱ्याची सायकल: दुखणं थांबत नाही, नुसतं जागा बदलतं

माणूस उंच आहे, मिळणाऱ्यांतली सगळ्यांत मोठ्या साइजची सायकल घेतली आहे, आणि तरी काही ना काही दुखतंच. गुडघ्याची वाटी दुखते म्हणून सीट वर केली, तर गुडघा थांबला आणि मान धरायला लागली. मानेसाठी स्टेम (हँडलला फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणारा तुकडा) बदलला, तर तळहातांना मुंग्या. हातांवरचा भार कमी व्हावा म्हणून सीट मागे सरकवली, तर चढावर पुढचं चाक हलकं पडून हँडल भरकटायला लागलं. मग पुन्हा सीट पुढे, आणि पुन्हा गुडघा.

माझ्या नवऱ्याची उंची १९८ सेंमी आहे. हे चक्र आमच्याकडे कित्येक वर्षं चाललं. शेवटी त्याच्या मापाने स्टीलची फ्रेम बांधून घेतली, बाकीची सायकल मी घरी जोडली, आणि ते चक्र थांबलं. तुमच्या घरातल्या उंच माणसाची हीच तक्रार असेल, तर नवीन सीट, नवीन ग्रिप किंवा जेलचे हातमोजे घेण्याआधी पुढचं वाचा. वेगवेगळ्या वाटणाऱ्या या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: सीट तेवढी वर जाते आणि बाकीची सायकल खालीच राहते.

आधी तक्रार नीट ओळखा

उंच माणसाला "दुखतंय का?" असं विचारून फारसं हाती लागत नाही. दारातून वाकून जाण्याची आणि आखूड पलंगावर पाय दुमडून झोपण्याची त्याला जन्माची सवय असते, त्यामुळे सायकलवरचा त्रासही तो गृहीतच धरतो. माझा नवरा कायम "ठीक आहे" म्हणायचा. म्हणून विचारू नका, त्याच्या मागे सायकल चालवा आणि बघा.

तो सीटच्या टोकाशी येऊन बसतो का? मग हँडल लांब आहे. हात ब्रेकच्या हुडांवर (खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवरच्या ब्रेकच्या रबरी मुठींवर) न ठेवता हँडलच्या मधल्या आडव्या भागावर ठेवतो का? हँडल लांब आहे, खाली आहे किंवा दोन्ही. कोपरं ताठ आणि खांदे कानांजवळ? तेच कारण. प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवी डुलते का? सीट जास्त उंच आहे. गुडघे बाहेर फाकतात का? सीट खाली आहे, किंवा पाय वर येताना खुब्याला जागा मिळत नाही. सपाट रस्त्यावर सारखा उभा राहून बूड मोकळं करतो का? तर वजन सीट, हात आणि पाय यांत नीट वाटलं जात नाही.

दुखण्याची जागाही पुष्कळ सांगून जाते. गुडघा समोरून दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे आहे, मागच्या लवणीत दुखत असेल तर सीट फार वर किंवा फार मागे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आहे. तिथे ग्रिप बदलण्याआधी सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना, हे बघा. टोक झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि ते सावरायला हात ताठ होतात.

सीट वर केल्यावर नेमकं काय होतं

सीट ट्यूब, म्हणजे सीटचा दांडा (सीट पोस्ट) ज्यात बसतो ती फ्रेमची नळी, सरळ उभी नसते. बहुतेक सायकलींत ती जमिनीशी ७२ ते ७४ अंशांचा कोन करून मागे कललेली असते. ७३ अंश धरले तर सीट पोस्ट १ सेंमी वर काढला की सीट जवळजवळ ३ मिमी मागे जाते. मध्यम उंचीच्या माणसापेक्षा पोस्ट १२ सेंमी जास्त बाहेर काढला, तर सीट सुमारे साडेतीन सेंमी मागे गेली. त्याच वेळी हँडल होतं तिथेच राहिलं, म्हणजे सीटच्या हिशेबाने ते ११-१२ सेंमी खाली गेलं. एका पोस्टने माणसाला दोन दिशांनी ताणलं: लांब आणि खाली. मान, पाठ आणि तळहात इथूनच बिघडतात.

मग मोठ्या साइजची फ्रेम हे का सोडवत नाही? कारण साइज वाढते तेव्हा सगळं सारख्या प्रमाणात वाढत नाही. चाक तेच ६२२ मिमीच्या रिमचं. क्रँक (पॅडल ज्याला लागतं तो दांडा) बहुधा १७५ मिमीशी थांबते. मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या चेनस्टेची लांबी साइजगणिक फारशी बदलत नाही, अनेक मॉडेलांत अजिबातच नाही. हेड ट्यूब (हँडलखालची उभी नळी) वाढते, पण पायांच्या मानाने कमी. आणि साइजची यादी जिथे संपते, तिथून पुढे जेवढी उंची उरली ती सगळी सीट पोस्टवर पडते.

मापं

पायांची आतली लांबी अनवाणी मोजायची. पाठ भिंतीला, पावलांत वीतभर अंतर, आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत सीटइतक्याच जोराने वर दाबून, त्याची एक कड भिंतीला काटकोनात टेकवून खूण करायची. गुण्या असेल तर उत्तमच. हे माप दुसऱ्याने घ्यायचं असतं, स्वतः वाकून बघितलं की चुकतं. तीनदा घ्या आणि सरासरी काढा. नवऱ्याचं माप आलं ९६ सेंमी.

सीटच्या उंचीची दोन सूत्रं प्रसिद्ध आहेत. एक अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे रूढ झालं: पायाची लांबी गुणिले ०.८८३, आणि ते अंतर बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरते तो फ्रेमचा भाग) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत सीट ट्यूबच्या रेषेत मोजायचं. दुसरं १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी मांडलं: पायाच्या लांबीच्या १०९ टक्के, पण खाली गेलेल्या पॅडलच्या एक्सलपासून. ९६ सेंमीला पहिलं सूत्र ८४.८ देतं. दुसऱ्याचं उत्तर १०४.६ येतं, त्यातून १७.५ सेंमीची क्रँक वजा केली की ८७.१. फरक दोन सेंमीहून जास्त! कमी उंचीच्या माणसात हा फरक लहान असतो, उंच माणसात तो चांगलाच जाणवतो. म्हणून कमी असलेल्या आकड्यापासून सुरुवात करा आणि तीन-तीन मिलिमीटरने वर जा. पॅडल सगळ्यांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहिला पाहिजे. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवला की हा कोन कागदावरसुद्धा मोजता येतो. आमच्याकडे १७५ च्या क्रँकला ८४.८ हीच उंची टिकली.

यानंतरचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच लोक टाळतात. जुनी सायकल जागच्या जागी पॅडल मारता येईल अशा स्टँडवर घट्ट बसवा. तिला लांब सीट पोस्ट, कोन बदलता येणारा स्टेम आणि स्टीअरर (पुढच्या फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी) उंच करणारा जोड लावा. चढउतार आणि दिशा यांची काळजी नाही, फक्त शरीर कुठे सुखात आहे ते शोधायचं. हँडल वर घ्या, जवळ आणा, लांब न्या, प्रत्येक ठिकाणी त्याला निदान वीस मिनिटं पॅडल मारू द्या. कसोटी सोपी आहे: बऱ्यापैकी जोर लावून पॅडल मारताना दोन्ही हात हँडलवरून बोटभर उचलले, तर धड पुढे कोसळता कामा नये. कोसळत असेल तर सीट थोडी मागे हवी किंवा हँडल वर हवं.

जागा सापडली की बीबीच्या मध्यातून ओळंबा आणि पातळी वापरून चार आकडे लिहून घ्या: सीट बीबीच्या किती वर, किती मागे, हँडलचा मध्य किती वर, किती पुढे. हे चार आकडे त्या माणसाचे आहेत, कुठल्याही सायकलचे नाहीत. फ्रेम या आकड्यांमध्ये बसवायची. दुकानातली फ्रेम बसते का, हेसुद्धा यावरूनच दहा मिनिटांत कळतं, कारण बहुतेक कंपन्या आता स्टॅक आणि रीच छापतात: बीबीपासून हेड ट्यूबचं वरचं टोक किती उंच आणि किती पुढे. उंच माणसाने आधी स्टॅक बघावा. सीट ट्यूबवरून ठरणारी साइज बघूच नये.

गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडून तो आडव्या क्रँकच्या पॅडल-एक्सलवर पडतो का, ही जुनी पद्धत सीट मागे-पुढे करायला सुरुवात म्हणून ठीक आहे. अंतिम निर्णय वरच्या हात उचलण्याच्या कसोटीने करा.

क्रँक: इथे घाई नको

पाय लांब म्हणजे क्रँक लांब, हे तर्काने पटतं. अमेरिकेतले फ्रेम-बिल्डर लेनर्ड झिन, जे स्वतःही चांगलेच उंच आहेत, ते पायाच्या लांबीच्या २१ ते २१.६ टक्के क्रँक सुचवतात. ८१ सेंमी पायाला त्या हिशेबाने १७० येते, म्हणजे रोजच्या वापरातली. ९६ सेंमीला २०० च्या वर जाते.

पण क्रँक १० मिमी वाढवली की खाली पाय पोचायला सीट १० मिमी खाली आणावी लागते, आणि वर पॅडल १० मिमी आणखी वर येतं. म्हणजे पॅडल वर असताना गुडघ्याची जागा २० मिमीने कमी झाली. खुबे किंवा गुडघे आधीच ताठ असतील तर लांब क्रँकने त्रास वाढेल. ज्याला आत्ता गुडघेदुखी आहे त्याने १७५ वरच आधी सीट नीट करावी, गुडघा शांत होऊ द्यावा, आणि मग प्रयोग करावा.

शिवाय लांब क्रँक साध्या फ्रेमला लावली की वळणावर पॅडल जमिनीला घासतं. हिशेब बघा. ३८ मिमीचा टायर घातलेल्या चाकाची त्रिज्या सुमारे ३४९ मिमी. बीबी चाकांच्या एक्सलच्या रेषेखाली ७० मिमी असेल तर ती जमिनीपासून २७९ वर आली, आणि १७५ ची क्रँक खाली गेली की उरतात १०४. आम्ही १८५ ची क्रँक घेतली आणि बीबी रेषेच्या फक्त ६० मिमी खाली ठेवायला सांगितलं: २८९ वजा १८५, पुन्हा १०४. हे फ्रेम बांधतानाच करता येतं, नंतर नाही. सीट त्यामुळे ८३.८ सेंमीवर आली.

चढावर पुढचं चाक हलकं का पडतं

मला या सगळ्या कामात सर्वांत पटलेली आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे चेनस्टेची लांबी.

मध्यम उंचीच्या माणसाची सीट ७२ सेंमीवर आणि सीट ट्यूबचा कोन ७३.५ अंश धरा. सीट बीबीच्या सुमारे २०.५ सेंमी मागे येते. चेनस्टे ४१ सेंमीचा असेल तर मागचा एक्सल बीबीच्या सुमारे ४०.५ सेंमी मागे. म्हणजे माणूस एक्सलच्या २० सेंमी पुढे बसला. आता सीट ८३.८ वर आणि कोन ७२ अंश. सीट २६ सेंमी मागे गेली. चेनस्टे तोच ठेवला तर माणूस एक्सलच्या जेमतेम साडेचौदा सेंमी पुढे, आणि शिवाय त्याचं धड कितीतरी उंच. सपाटीवर मागच्या चाकावर जादा भार, चढावर पुढचं चाक उचलायला बघतं, खड्ड्याचा हिसका थेट पाठीच्या कण्यात. मागच्या तारा तुटण्याचं आणि मागचा टायर लवकर झिजण्याचं कारणही यातच दडलेलं असतं.

चेनस्टे ४६ सेंमीचा केला तर एक्सल ४५.६ वर जातो आणि माणूस पुन्हा एक्सलच्या जवळपास २० सेंमी पुढे येतो. मध्यम उंचीच्या माणसाला जे आपोआप मिळतं, तेवढंच. लांब चेनस्टेने सायकल मंद होते असं अनेकजण सांगतील. उंच माणसाच्या बाबतीत मला ते मान्य नाही. त्याच्यासाठी ४६ हेच साधं माप आहे. आणखी एक फायदा: मोठ्या पावलांची टाच कॅरिअरवरच्या पिशव्यांना लागत नाही.

पुढच्या बाजूला मात्र बुटाचं टोक चाकाला लागतं का, ते तपासा. मोठ्या फ्रेमला हा त्रास नसतो असं समजतात, पण लांब क्रँक आणि मोठा बूट एकत्र आले की होतो. क्रँक १८.५, चवड्यापासून बुटाच्या टोकापर्यंत सुमारे १२, मडगार्डसकट चाकाची त्रिज्या सुमारे ३६: बेरीज ६६.५ सेंमी. बीबीपासून पुढच्या एक्सलपर्यंतचं अंतर याहून थोडं जास्त हवं.

हँडलची उंची फ्रेममध्येच हवी

नवऱ्याची सीट बीबीच्या उभ्या रेषेत सुमारे ७९.७ सेंमी वर येते. स्टँडवरच्या प्रयोगात हँडल त्याच्या दोनेक सेंमी खाली सुखाचं वाटलं, म्हणजे ७७.५. स्टॅक ६५ सेंमी असलेल्या फ्रेमवर वरचे साडेबारा सेंमी कुठून आणायचे? १० सेंमी लांबीचा, ६ अंशांचा स्टेम वरच्या दिशेने लावला तर ४ मिळतात. उरलेल्यातले बरेचसे स्पेसरने (स्टेमखाली घालायच्या कड्यांनी) भरावे लागतात, आणि कार्बनच्या स्टीअररवर एवढे स्पेसर चालत नाहीत. त्याच्या निर्मात्याने दिलेली मर्यादा बहुधा ३ ते ५ सेंमीच्या आसपास असते आणि ती ओलांडणं धोक्याचं आहे. अॅल्युमिनियमचे उंचवणारे जोड स्टँडवर मापं काढायला चांगले, पण १०० किलोच्या माणसाने उभं राहून हँडल ओढत चढ चढताना मला ते नको वाटतात.

आम्ही स्टॅक ७० सेंमी धरला. हेड ट्यूब सुमारे २८ सेंमी झाली. स्टेमखाली आता एकच छोटा स्पेसर आहे, तोही पुढे बदल करायला जागा असावी म्हणून. फ्रेम बघून लोक हेड ट्यूबबद्दल विचारतात. त्यावर १९८ सेंमीचा माणूस बसला की ती शोभून दिसते.

एक सूचना: हँडलचा प्रकार फ्रेम ठरवण्याआधी पक्का करा. मागे वळलेल्या हँडलला हात बरेच मागे येतात, त्यामुळे त्याला टॉप ट्यूब (सीटकडून हँडलकडे जाणारी वरची नळी) लांब लागते. ड्रॉप हँडलला हुड पुढे असतात, तिथे ती आखूड लागते. नंतर मत बदललं तर सगळे आकडे हलतात. रुंदी खांद्यांच्या सांध्यांतल्या अंतराएवढी घ्या. रुंद खांद्यांना ४६ सेंमी किंवा त्याहून जास्त लागते.

उतारावर सायकल थरथरते

उंच फ्रेमवरची ही सगळ्यांत भीतीदायक तक्रार. ठरावीक वेगाला हँडल डावी-उजवीकडे झपाट्याने हलायला लागतं आणि घट्ट धरलं की वाढतं. त्या क्षणी काय करायचं ते आधीच ठाऊक हवं: एक किंवा दोन्ही गुडघे टॉप ट्यूबला दाबायचे, बूड सीटवरून किंचित हलकं करायचं, हँडल आवळायचं नाही, आणि ब्रेक हळूहळू, दोन्ही चाकांवर.

घरी आल्यावर तपास या क्रमाने करा. हेडसेट (हेड ट्यूबमधलं बेअरिंग) सैल आहे का, किंवा इतका आवळलाय का की छर्रे अडखळतात. चाकं आऊट आहेत का, तारांचा ताण सारखा आहे का. टायर रिमवर सगळीकडे सारखा बसलाय का. मागच्या कॅरिअरवर ओझं उंच आणि सैल बांधलंय का. हे सगळं ठीक असूनही थरथर राहत असेल, तर फ्रेमच पिळवटते आहे. लांब नळ्या, उंच सीट आणि जड माणूस यांत हे होणारच.

याला उपाय नळीचा व्यास. भिंतीची जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टॉप ट्यूब २८.६ मिमीऐवजी ३१.८ ची घेतली तर सुमारे ३७ टक्के ताठ. डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून बीबीकडे उतरणारी नळी) ३१.८ ऐवजी ३८.१ ची घेतली तर सुमारे ७२ टक्के. वजन थोडंसं वाढतं, तेवढं वाढू द्या. पातळ नळ्यांची हलकी फ्रेम ६५ किलोच्या माणसासाठी असते. काही बिल्डर मोठ्या फ्रेमला दुसरी टॉप ट्यूबही घालतात. आमच्या बिल्डरच्या मते जाड नळ्यांनी काम होणार होतं, आणि झालं. नवरा आता उतारावर एक हात सोडून पाण्याची बाटली काढतो. आधी ते त्याला कधीच जमत नव्हतं.

तारा पुन्हा पुन्हा तुटतात

मागच्या चाकाच्या तारा हबजवळच्या वळणातच तुटत असतील, तर तुटलेली एक तार बदलून काही साधत नाही. चाक फिरताना जमिनीजवळची प्रत्येक तार क्षणभर सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. जड माणूस आणि कमी ताण असेल तर हे सैल होणं जास्त, आणि धातू त्याच जागी थकतो. संपूर्ण चाक नव्याने बांधा: ३६ तारा, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडणारी गुंफण, मधे बारीक आणि टोकांना जाड असलेल्या तारा, भक्कम रिम, आणि ताण चांगला व सारखा. स्प्रॉकेटच्या विरुद्ध बाजूच्या तारा मुळातच सैल असतात, म्हणून रिमच्या परवानगीएवढा ताण स्प्रॉकेटच्या बाजूला देणं गरजेचं. बांधून झाल्यावर समांतर तारांच्या जोड्या हाताने जोरात दाबायच्या, त्यांचा पीळ आणि बाक जिरतो, मग पुन्हा आऊट काढायचा. टायर ३८ मिमी किंवा त्याहून रुंद.

चाकच मोठं घ्यावं का? डर्टीसिक्सर ही कंपनी खूप उंच माणसांसाठी ३६ इंची चाकांच्या सायकली बनवते. प्रमाणाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे आणि दोन मीटरच्या बऱ्याच पुढे असलेल्या माणसाने त्याचा विचार जरूर करावा. १९८ ला आम्ही ६२२ वरच राहिलो, कारण त्याला टायर आणि रिम कुठेही मिळतात.

जोडताना अडवणाऱ्या बारीक गोष्टी

गिअरची साधी आतली वायर साधारण २१०० मिमी असते. उंच हेड ट्यूब आणि लांब चेनस्टेला ती मागे कमी पडू शकते. दोघांच्या टँडेम सायकलसाठी ३००० मिमीच्या पुढच्या वायरी मिळतात, त्या आणा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर मागचा पाइप आधीच लांब मागवा. चेनस्टे दर १.२७ सेंमी वाढला की चेनला दोन कड्या जास्त लागतात. ४१ वरून ४६ म्हणजे आठ कड्या. एका पाकिटातली ११४ किंवा ११६ कड्यांची चेन पुरतेच असं नाही, दुसरीतून तुकडा जोडावा लागतो, आणि तो त्याच मॉडेलचा असावा.

सीट पोस्टवरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत राहिली पाहिजे, आणि पोस्टचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्याही खाली गेलं पाहिजे. दोन्ही अटी पाळा, नाहीतर सीट ट्यूब जोडापाशी तडकते. टॉप ट्यूब उंच ठेवली की पोस्ट फार बाहेर काढावा लागत नाही. ९६ सेंमी पायाच्या माणसाला ९० सेंमी उंचीची टॉप ट्यूब ओलांडून आरामात उभं राहता येतं.

सीट रुंद घ्यायची ती बसायच्या दोन हाडांमधल्या अंतराप्रमाणे, उंचीप्रमाणे नाही. मोठ्या बुटांना मोठा, सपाट पॅडल घ्या.

सायकल तयार झाल्यावरही दुखलं तर

थोडं दुखेल. वर्षानुवर्षं वाकून बसलेल्या शरीराला नवीन जागा अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. पहिल्या फेऱ्या लहान ठेवा. बदल करायचा तर एका वेळी एकच, तोही ३ ते ५ मिमीचा, आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्या तसाच ठेवा. सीट आणि हँडल एकाच दिवशी हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. प्रत्येक बदलाआधी पोस्टवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे परत जाता येतं. बोटांचा बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही राहत असेल, किंवा गुडघा रात्री झोपेत दुखत असेल, तर पाना बाजूला ठेवून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर स्टेम, सीट क्लॅम्प आणि क्रँकचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, तारांचा ताण पुन्हा बघा. लांब क्रँक आणि लांब पोस्ट यांमुळे बोल्टवर पडणारा जोर नेहमीपेक्षा जास्त असतो आणि नवीन भाग बसताना सैल होतात. क्रँकचा बोल्ट सैल ठेवून चालवली तर क्रँकचं चौकोनी भोक कायमचं खराब होतं, आणि १८५ ची क्रँक दुसऱ्या दिवशी मिळत नाही.